चढावरची ओढ

आमच्या मामांना सगळा बाजार नाकमुरडे मिस्त्री म्हणायचा, आणि ते नाव त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीने कमावलं होतं. चहावर साय दिसली की कप परत. दुसऱ्याच्या रुमालाला चुकून हात लागला की साबण. बसमध्ये शेजारचा माणूस खोकला तर पुढच्या थांब्यावर उतरून मामा घरापर्यंत चालत येत. अशा माणसाने ट्रकचं काम कशाला धरलं, हा प्रश्न मामी लग्न झाल्यापासून विचारत आल्या होत्या.

खरं म्हणजे मामा ट्रकला हातच लावत नसत. ते फक्त डिझेलचा पंप बघत, तोही इंजिनावरून सोडवून, बाहेरून ब्रशने घासून धुतलेला. पंपाची खोली दुकानाच्या मागे होती. खिडकीला दुहेरी जाळी, दार कायम लोटलेलं, चपला बाहेर. पंपाच्या आतला दट्ट्या इतका नेमका बसवलेला असतो की धुळीचा एक कण त्याची वाट लावतो, त्यामुळे मामांच्या सोवळेपणाला तिथे किंमत होती. पंप यंत्रावर चढवून फिरवला की समोरच्या काचेच्या नळ्यांत डिझेल पडायचं. सगळ्या नळ्यांत सारखं पडलं की मामांचं मुरडलेलं नाक तेवढ्यापुरतं सरळ व्हायचं.

उरलेल्या जगाची त्यांना शिसारी होती. विशेषतः धुराची. दुकानासमोरूनच खाणीकडे जाणारा चढ सुरू होत होता. खडी भरून उतरलेले ट्रक रिकामे होऊन परत चढायचे, आणि गावाकडचं सामान घेऊन वर जाणारे तर कण्हत चढायचे. त्यातला प्रत्येक जण मामांकडे एकच मागणी घेऊन यायचा. "मिस्त्री, डिझेल वाढवून द्या, गाडी ओढत नाही."

"डिझेल वाढवून काय होतं?" मामा विचारायचे. "हवा जेवढी, तेवढंच जळतं. उरलेलं काळं होऊन लोकांच्या नरड्यात जातं. तुमच्या घरी कोणी श्वास घेत नाही का?"

हे पालथ्या घड्यावर पाणी होतं. गिऱ्हाईक नाक्यावरच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे जायचं, तो स्क्रू ढिला करून द्यायचा, आणि गाडी चुलीसारखी धुमसत निघून जायची. मामी वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायच्या.

तात्या ड्रायव्हर आले ते मात्र वेगळं बोलले. साठीला टेकलेला, किडकिडीत माणूस. खाणवाल्या शेटच्या गाडीवर होते. "मला वेग नको, मिस्त्री," ते म्हणाले. "खाणीच्या खड्ड्यातून भरून वर निघताना पहिलाच चढ आहे. तिथे थांबलो की गाडी उचलत नाही. मागे सरते. मागे दुसरी गाडी, तिच्यामागे तिसरी. क्लच जळेपर्यंत दाबून धरतो. रोज जीव मुठीत."

मामांनी पंप काढून आणायला सांगितलं. आधी त्यांनी हवेची जाळी बघितली. ती खडीच्या भुकटीने बुजली होती, आणि मामांनी ती दोन बोटांच्या चिमटीत धरून मेलेल्या उंदरासारखी लांब फेकली. नवी बसवायला लावली. मग पंप यंत्रावर घेतला.

इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो असलेल्या गाडीला पंपावर एक चपटी डबी असते. टर्बोची हवा त्या डबीत शिरली की आतला पडदा दबतो आणि पंप हात सैल सोडून डिझेल देतो. पण टर्बो हवा देतो तो इंजिन जोरात फिरायला लागल्यावर. उभ्या गाडीला चढावर ती मिळत नाही, म्हणून पंपही हात आखडून बसतो. मामांनी पडद्याखालची स्प्रिंग थोडी सैल केली, म्हणजे जराशा हवेनेही पडदा हलेल. डिझेल सरसकट वाढवणाऱ्या वरच्या स्क्रूला त्यांनी हात लावला नाही. स्प्रिंगचं दातेरी चाक एक दात फिरवायचं, नळ्या बघायच्या, पुन्हा एक दात. मग पंप गाडीवर चढवून स्वतः मागे उभे राहिले, नाकाला रुमाल लावून, सायलेन्सरकडे बघत. गाडी उचलताना करडा धूर आला आणि लगेच विरला.

"यापुढे एक दातही नाही," मामा म्हणाले.

तात्या दुसऱ्या दिवशी केवळ सांगायला आले. "लोण्यातून सुरी जावी तशी निघते हो!" त्या दिवशी मामांनी सायीचा चहासुद्धा गाळून का होईना, पण प्यायला.

शेटच्या कानावर हे गेलंच. गाडी सहज उचलते म्हटल्यावर त्याने फाळक्यांवर आणखी फळ्या ठोकल्या आणि खडीचा ढीग वर चढवला. थोड्याच दिवसांत तात्या पुन्हा दारात. "मिस्त्री, परत मागे सरायला लागली."

मामा बाहेर आले, ट्रकभोवती एक फेरी मारली आणि दबून सपाट झालेल्या टायरकडे बघून त्यांनी तोंड असं केलं, जणू कडू बी दाताखाली आलं. "मी ओढ तुमच्यासाठी काढून दिली होती. ती तुमच्या शेटने खडीत घातली?"

"मी काय बोलणार? भरणारे ते."

मामांनी नाही म्हणून सांगितलं. शेटने गाडी नाक्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने वरचा स्क्रूही मोकळा सोडला. गाडी पुन्हा चढायला लागली, पण ती गेल्यावर समोरचा रस्ता क्षणभर दिसेनासा व्हायचा. आणि चढलेलं ओझं कुठेतरी उतरतंच. एका दुपारी खाणीपलीकडच्या उतारावर ब्रेक तापून सुटले. गाडी वस्तीकडे जाऊ नये म्हणून तात्यांनी ती डोंगराच्या बाजूला घासली. बाकी कोणाला खरचटलंही नाही. तात्यांचा डावा पाय मात्र केबिनमध्ये चेपला.

मामा दवाखान्यात गेले. दवाखान्यात जायचं म्हणजे त्यांना शिक्षाच. दारांच्या मुठी ते कोपराने ढकलत होते. तात्या औषधाच्या गुंगीत होते. "पंप चांगला होता हो तुमचा," ते पुटपुटले. "फार गोड ओढायचा."

शेट तिथेच होता, उशाला फळांची पिशवी ठेवून. त्याने मामांना बाजूला घेतलं. "झालं ते वाईट झालं. बरं, दुसरी गाडी आणलीय. तिला तुमच्याच हातची ओढ पाहिजे. त्या नाक्यावरच्याने नुसता धूर केला."

मामा बाहेर गेले आणि नळाखाली किती तरी वेळ चूळ भरत राहिले. परत आले ते शेटसमोर उभे राहिले. "पलीकडे माणूस कण्हतोय आणि तुम्ही ओढ मागताय? तुमच्या तोंडाला वास येतो, शेट. तुमची एकही गाडी माझ्या दाराशी आणू नका."

शेटच्या सगळ्या गाड्या गेल्या, म्हणजे निम्मं काम गेलं. मामा घरी येऊन सांगून मोकळे झाले आणि मामींच्या तोंडाकडे बघत बसले. मामी भाजी निवडत होत्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "रोज तुमच्या शर्टाला त्या मेल्याच्या गाड्यांचा वास. पण माणसाला सोडलंत, धुराला कसं सोडणार? तो तर येतोच आहे खिडकीतून."

पावसाळा संपता संपता दुकानासमोर एक ट्रक थांबला. केबिनमधून तात्या उतरले, डावा पाय ओढत. गाडी शेटचीच. फळ्याही तशाच ठोकलेल्या.

मामांचा चेहरा आंबला. "तात्या, त्याच्याकडेच?"

"मग कोणाकडे? या पायाला दुसरा कोण गाडी देतो?"

"आणि क्लच कुठल्या पायाने दाबता?"

"हाच आहे डावीकडे. दुसरा कुठून आणू?" तात्या हसले. "ओरडू नका. ओढ मागायला नाही आलो. सहज, तुम्हाला बघायला आलो."

मामा वाकून चाकांकडे बघायला लागले. मग त्यांनी विचारलं, "ब्रेक कोणी बघितले?"

"बघेल कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे कोण? शेटची आई?"

त्यांनी चाकांना दगड लावायला सांगितले, पाना घेतला, आणि आम्ही भाचरं माडीवरून बघत असतानाच मामा, आमचे नाकमुरडे मामा, पाठ रस्त्याला टेकवून ट्रकखाली शिरले. खाली चिखल, गळलेलं ऑइल, कुठल्या तरी जनावराचं वाळलेलं शेण. प्रत्येक चाकामागचा ब्रेक आवळायचा नट ते फिरवत होते, आणि एकेक नटाबरोबर एकेक शिवी बाहेर येत होती. शेटला, खडीला, नाक्यावरच्या मिस्त्रीला, तात्यांना, आणि ब्रेक पंपाच्या खोलीत धुऊन येत नाहीत म्हणून ब्रेकलाही. एका चाकाच्या ब्रेकचं लायनिंग, म्हणजे घासणारं अस्तर, पार उडालं होतं. ते बदलल्याशिवाय त्यांनी गाडी हलू दिली नाही. तात्या दुपारभर पायरीवर बसून राहिले, शेटचे फोन वाजत राहिले.

मामा बाहेर आले तेव्हा कोपरापासून कानापर्यंत काळे होते. मामी बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण मामांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते पदरात दाबलं.

"किळस येते," मामा म्हणाले. "इतकी किळस येते की सांगता येत नाही."

तात्या पुढच्या आठवड्यात आले. मग दुसरे ड्रायव्हरही ब्रेक आवळून घ्यायला थांबायला लागले, मालकांना न सांगता. मामांनी कोणालाही या म्हटलं नाही आणि कोणाला परतही पाठवलं नाही. एक जुना शर्ट फक्त त्या कामासाठी बाजूला काढला होता. तो घरात आणायचा नाही, मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा, असा नियम त्यांनी स्वतःच केला. ट्रकखालून आलेली शिवीगाळ चढापर्यंत ऐकू जायची, आणि ड्रायव्हर लोक ती ऐकत निवांत विडी ओढत बसायचे, कारण तोवर कोणालाच कुठे जायची घाई नसायची.