नायलॉनचा डबा आणि ओलं फडकं

अंबरीष पोंक्षेच्या हाताला सतत काहीतरी चाळा लागायचा. पेनाचं टोपण, कपाचा कान, दुसऱ्याच्या टेबलावरचा स्टेपलर, जे सापडेल ते बोलता बोलता उचलून तो वाकवून, पिळून, दाबून बघायचा. यापायी त्याच्या आईला दोनदा चष्मा बदलावा लागला होता. लग्नात प्रणिताला सासूबाईंनी पहिली सूचना दिली ती हीच, की महागाची वस्तू ह्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस.

पण ह्याच चाळ्यानं त्याला इंजिनिअर केलं होतं. कुठली वस्तू कुठे मोडेल हे त्याच्या बोटांना आधी कळायचं, डोक्याला मागाहून.

त्या वर्षांत पुण्यामुंबईची मुलं सॉफ्टवेअरच्या कामावर भराभर जपानला निघाली होती. बहुतेकजण तोक्योच्या आसपास उतरत. अंबरीष मात्र नागोयाला आला, कारण त्याचं काम संगणकावर असलं तरी मोटारींच्या भागांचं होतं. पुण्यातल्या कंपनीनं त्याला करारावर एका जपानी कारखान्यात पाठवलं होतं. तिथे एअरबॅगचे डबे बनत.

गाडीत पुढे बसणाऱ्याच्या समोर, डॅशबोर्डच्या आत, एअरबॅग घडी घालून एका डब्यात बसवलेली असते. धडक बसली की गॅस सुटतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ती पिशवी फुगते. तो सगळा दणका आधी त्या डब्याला सोसावा लागतो. डबा फाटता कामा नये, आणि पिशवीला धरून ठेवणारे त्याच्या कडेचे आकडेही तुटता कामा नयेत. आजवर हा डबा पोलादी पत्र्याचा होता. आता गाड्या बनवणाऱ्या बड्या कंपनीला तो हलका हवा होता आणि स्वस्तही. अंबरीषनं काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनचा डबा काढला. वजन निम्म्याच्या खाली आलं, वेल्डिंग गेलं, सगळा डबा एका साच्यातून निघणार होता.

विभागप्रमुख मिझुनो-सान सत्तावन्न वर्षांचे, किडकिडीत, दुपारी घरून आणलेले भाताचे दोन गोळे खिडकीकडे तोंड करून खाणारे. त्यांची तीस वर्षं पत्र्यात गेली होती. पहिल्यांदा आराखडा पाहून ते म्हणाले, "पोंकुशे-सान, आमच्या घरात प्लास्टिकची बादली आहे. तिच्यावर माझा विश्वास आहे. पण ती माझ्या बायकोच्या तोंडासमोर मी बसवणार नाही."

मग त्यांनी तो आराखडा घरी नेला, आठवडाभर ठेवला, आणि परत आणताना समासात पेन्सिलीनं एवढे प्रश्न लिहिले होते की अंबरीषला कळलं, गडी आपल्या बाजूला आला. पुढचे दोन महिने मिझुनो-सान एकेका विभागात जाऊन एकेकाला पटवत होते. तिथे मीटिंगमध्ये कुणी वाद घालत नाही. वाद त्याआधी प्रत्येकाच्या टेबलाशी उभं राहून उरकायचा असतो. नायलॉनच्या डब्याला विभागाची मान्यता मिळाली ती मिझुनो-सानांच्या शब्दावर. त्याच शब्दावर अंबरीषला कायम करून घ्यायचंही बोलणं सुरू होतं, कारण त्याचा करार मार्चमध्ये संपत होता.

ही दुसरी गोष्ट प्रणिताच्या जिवाची होती. त्यांची मुलगी मिताली दुसरीत होती. आईनं मराठीत हाक मारली की ती जपानीत "येते येते" म्हणायची. "हिला आता पुण्याच्या शाळेत नेऊन बसवलं तर बिचारी भिंतीशी बोलेल," प्रणिता म्हणायची. "तुझ्या मिझुनो-सानांना सांग, आम्ही कचरासुद्धा त्यांच्यापेक्षा चांगला वेगळा करतो."

डिसेंबरच्या शेवटी तात्पुरत्या साच्यातून डब्यांचे पहिले नमुने निघाले. नववर्षाच्या सुटीनंतर चाचणी होती. नमुने बांधून ठेवायचं काम अंबरीषनं आपणहून अंगावर घेतलं, आणि तिथेच भोसरी आडवी आली.

जपानला येण्याआधी चार वर्षं तो भोसरीत बाळासाहेबांच्या प्लास्टिकच्या कारखान्यात होता. नायलॉन साच्यातून निघतो तेव्हा कोरडाठाक आणि कडक असतो. हवेतली ओल हळूहळू पिऊन मग तो चिवट होतो. भोसरीत एवढा धीर कुणाला? तिथे ताजा माल गरम पाण्याच्या पिंपात सोडत, नाहीतर पिशवीत ओलं फडकं घालून तोंड बांधून टाकत, म्हणजे बसवताना तुकडे उडत नाहीत. ती सवय अंबरीषच्या हातात इतकी मुरली होती की त्यानं कपाटातून स्वच्छ फडकं काढलं, ओलं करून पिळलं, नमुन्यांच्या पिशवीत घातलं, तोंड बांधलं आणि पिशवी नळाच्या गरम पाइपाजवळच्या फळीवर ठेवून दिली. कुणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही. पोळ्या फडक्यात गुंडाळताना आपण कुणाला सांगतो का?

सुटी संपली. फडकं काढून, नमुने पुसून त्यानं चाचणीला दिले. चाचणीची पहिली फेरी उत्तम झाली. पिशव्या फुगल्या, डब्यांना ओरखडा नाही. मिझुनो-सानांनी त्या दिवशी भाताचे गोळे सगळ्यांमध्ये बसून खाल्ले. पक्का पोलादी साचा कापायला सांगायचं ठरलं.

आणि सोमवारी सकाळी फोनवर बोलता बोलता अंबरीषच्या हाताला टेबलावरचा एक डबा लागला. हा जास्तीचा नमुना पिशवीत गेलाच नव्हता. डिसेंबरपासून हीटरच्या कोरड्या हवेत टेबलावर पडून होता. बोटांनी सवयीनं कडेचा आकडा दाबला. काटकन तुटला.

फोनवरचा माणूस बोलतच राहिला. अंबरीषनं चाचणीतून परत आलेला एक डबा ओढून त्याचा आकडा दाबला. तो वाकला आणि परत जागेवर आला. मग त्याला ते फडकं आठवलं.

आपण काय पास करून घेतलं, हे त्याच्या लक्षात आलं. साच्यातून निघालेला डबा थेट गाडीत बसणार. मधे कुणी भोसरीचं फडकं घालणार नाही. नागोयाच्या हिवाळ्यात डोंगरावरून येणारा वारा ओठ फोडतो. त्या हवेत तयार झालेली नवी गाडी, पहिल्याच आठवड्यात कुठेतरी ठोकलेली, आणि समोर बसलेलं कुणीतरी. त्याच्या डोळ्यांसमोर मिताली आली. तो तसाच उठला आणि मिझुनो-सानांच्या टेबलाकडे निघाला.

निम्म्या वाटेत थांबला. बाळासाहेबांचं वाक्य त्याच्या कानात होतं. "पोंक्षे, अडचण घेऊन माझ्या केबिनीत यायचं नाही. अडचणी माझ्याकडे पोत्यानं आहेत. उपाय घेऊन या." चार वर्षं तो तसाच वागला होता आणि शहाणा ठरला होता. साहेबापुढे रिकाम्या हातानं उभं राहायचं नाही, हे त्याला चांगुलपणाचंच लक्षण वाटत होतं. तो परत फिरला. आकड्यांची मुळं जाड करायची, मागून बरगड्या द्यायच्या, नवे कोरडे नमुने मागवायचे, दाबून बघायचे आणि मग एकदम सगळं मांडायचं. तीनचार दिवसांचं तर काम.

मंगळवारी त्यानं शिरीषला फोन केला. शिरीष त्याचा कॉलेजातला मित्र, तोक्योजवळ ग्योतोकूला राहून बँकेचं सॉफ्टवेअर करायचा.

"टेस्ट पास झाली ना?" शिरीष म्हणाला. "मग अंब्या, तू कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोस? पुढच्या फेऱ्यांत निघेलच की. आमच्याकडे तर बग सापडला की आधी चहा पितात."

"तुमचा बग कुणाच्या छातीवर नाही रे फुटत."

"मग सांग जाऊन."

"सांगणारच आहे. उपाय हातात येऊ दे."

"बाळासाहेब अजून सुटले नाहीत तुला," शिरीष हसला.

प्रणिताला त्यानं बुधवारी सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली. "आज सांगून टाक," ती म्हणाली. "कायम नाही केलं तर नाही केलं. पुण्यात काय वाघ आहेत?" मितालीचं नाव तिनं काढलं नाही. ते त्याला जास्त लागलं.

शुक्रवारी सकाळी जाड आकड्यांचं गणित, जुन्याच साच्यातून काढलेल्या कोरड्या नमुन्यांचे तुटके तुकडे आणि सुधारलेला आराखडा असं सगळं घेऊन तो मिझुनो-सानांपुढे उभा राहिला. फडक्यापासून सगळं सांगितलं. जपानी भाषा तो पुण्यातच चांगली शिकला होता, तरी त्या दिवशी शब्द हुडकावे लागत होते.

मिझुनो-सानांनी तुकडा उचलला, उजेडात धरला. "ओल्या फडक्याचं मला काही वाटत नाही," ते म्हणाले. "नमुने कसे ठेवायचे हे आम्ही कुठेच ठरवलेलं नव्हतं. ती माझी चूक. तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

मिझुनो-सानांनी तुकडा टेबलावर ठेवला. "बुधवारी मी ग्राहक कंपनीत गेलो होतो," ते शांतपणे म्हणाले. "डबा पास झाला, असं मी त्यांना सांगितलं. त्या डब्यावर त्यांनी डॅशबोर्डचा आराखडा पक्का केला. साच्याचं पोलादही काल कापायला घेतलं."

"मला वाटलं, उपायासकट..."

"उपाय शोधायला इथे चाळीस माणसं आहेत. ती सोमवारपासून बसली असती." आराखड्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात दोघं ग्राहक कंपनीत गेले. मिझुनो-सानांनी जाताना एवढंच बजावलं, "तुम्ही बोलायचं नाही. मी वाकलो की वाकायचं." लांब टेबलापलीकडे पाचसहाजण बसले होते. मिझुनो-सान उभे राहिले. चाचणीत माझ्या विभागाची चूक झाली, ती मला वेळेत कळली नाही, आणि मी तुम्हाला चुकीची माहिती दिली, असं त्यांनी सरळ सांगितलं. कुणाचं नाव नाही. मग ते कमरेतून वाकले. अंबरीष त्यांच्या मागे वाकला. वर कधी यायचं ते त्याला कळेना, म्हणून तो मिझुनो-सानांच्या बुटांकडे बघत राहिला. बुटांना नवं पॉलिश केलेलं होतं. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज येत होता. 'हे माझ्यामुळे झालं' असं मोठ्यानं म्हणावंसं त्याला वाटत होतं, पण तसं म्हणणं म्हणजे पुढे वाकलेल्या माणसाला खोटं पाडणं, एवढं त्याला आता समजत होतं.

ह्या गाडीला पत्र्याचाच डबा लागेल, असं तिथे ठरलं. नायलॉनचं पुढे पाहू.

परतताना मिझुनो-सान गाडी चालवत होते. कंपनीचं फाटक मागे पडलं. मग अंबरीषनं विचारलं, "तुम्ही मला बोलू का दिलं नाहीत?"

"ती माणसं तुम्हाला ओळखत नाहीत. पहिलीच ओळख ह्याच्यावरून झाली असती. तुमची अजून वीसपंचवीस वर्षं आहेत. माझी तीन." सिग्नलला गाडी थांबली. "एप्रिलपासून मी मिए प्रांतातल्या आपल्या गोदामात असेन. काल सांगितलं मला. गोदाम चांगलं आहे, समुद्र दिसतो."

अंबरीषला माफी मागायची होती. त्या भाषेत माफीचे लहानमोठे पुष्कळ शब्द त्याला पाठ होते. एकही पुरा पडेना.

"सोमवारी सांगितलं असतंत," मिझुनो-सान रस्त्याकडे बघत म्हणाले, "तर मी तुमच्यावर खूप ओरडलो असतो. सगळ्यांसमोर. आणि मग आपण दोघं जेवायला गेलो असतो."

सिग्नल सुटला. कारखाना येईपर्यंत ते हवेबद्दल बोलले.

घरी आल्यावर प्रणितानं दारातच विचारलं, "काय म्हणाले? कायम करायचं गेलं ना?"

"नाही. ते होणार आहे. त्यांनी शब्द मागे घेतला नाही म्हणे."

"रागावले असतील."

"नाही रागावले."

"मग सुटलास की," ती म्हणाली आणि मग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. आतून मितालीनं जपानीत काहीतरी विचारलं. बाबा जेवणार आहेत का, असं काहीतरी. प्रणितानं त्याच्या हातातली बॅग घेतली. तो बूट काढायला खाली बसला आणि कितीतरी वेळ तसाच बसून राहिला, हात मांडीवर ठेवून, कशालाही न लावता.