हाताला जड तो लॅपटॉप चोख

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसलात तरी सांगणारच आहे! माझी फजिती दुसऱ्याच्या तोंडून तिखटमीठ लावून तुमच्यापर्यंत पोचण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी. अंबरनाथ पश्चिमेला कुठली गोष्ट कधी लपून राहिलीय?

तर, मी लॅपटॉप घेतला. हो, मीच, स्वतःसाठी. वय विचारू नका, दात माझे स्वतःचे आहेत एवढं पुरे. शाळा जेमतेम चौथी. इंग्रजी शिकले ती औषधाच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे वाचून. शिवणकाम शिकले दुसरीच्या खांद्यावरून डोकावून. आणि मिक्सर दुरुस्त करायला शिकले तो आधी नीट बिघडवून! कोणी मला काही शिकवलंय असं म्हणायची सोय मी कोणालाच ठेवली नाही.

आता या बाईला लॅपटॉप कशाला? सांगते.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एका कुंभारणीनं घर बांधायला घेतलं. कुंभारीण म्हणजे ती बारीक कंबरेची माशी हो, चिखलाच्या गोळ्या आणून भिंतीला घर लिंपते ती. सून म्हणाली, "आई, झाडूनं काढून टाकते." मी म्हटलं, "खबरदार! ती मालकीण आहे, भाडेकरू नाही." आणि मोबाइल घेऊन बसले बघत.

काय सांगू तुम्हाला! चिखल लावताना ती गुणगुणते. खरंच! तोंडातला गोळा भिंतीला टेकवला की गूंऽऽ असा बारीक सूर लावते, गोळा पसरला की गप्प. मग कोळी पकडून आणते, घरात कोंबते, अंडं घालते आणि दार लिंपून चालती होते. पोरांची शिदोरी भरून ठेवली, विषय संपला! सगळं मी टिपलं. तो सूरसुद्धा टिपला.

आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर दर महिन्याला कोणीतरी एक जण बोलतं. मी नाव दिलं. तेव्हा सबनीस साहेब पुढे सरसावले. कारखान्यात मोठे ऑफिसर होते, रिटायर होऊन जमाना झाला तरी आवाजातली इस्त्री मोडलेली नाही.

"आक्का, तुम्ही फक्त बोला. ते लॅपटॉप वगैरे टेक्निकल मी बघतो."

टेक्निकल! माझ्या डोक्यात सणक गेली.

"सबनीस साहेब, लॅपटॉप माझा असेल आणि चालवीन पण मीच. तुम्ही फक्त टाळ्या वाजवा. तेवढं टेक्निकल जमेल ना?"

बोलून बसले! सगळा कट्टा खो खो हसला. आता लॅपटॉप आणण्यावाचून गती नव्हती. आणला नसता तर सबनिसांच्या शेजारी उभं राहून "आता पुढचा फोटो लावा हं" म्हणायची पाळी आली असती. त्यापेक्षा मी व्याख्यानच सोडलं असतं.

बदलापूरहून नातीला बोलावलं. मृण्मयी तिचं नाव, मांजर्लीला राहते, कॉम्प्युटरवरच नोकरी करते. दोघी उल्हासनगरला गेलो. तिथला दुकानदार म्हणजे मुरलेला सिंधी माणूस, मी त्याला साईं म्हणते, तो मला अम्मा म्हणतो. मिक्सर, पंखा, टीव्ही, सगळं त्याच्याकडून घेतलंय आणि प्रत्येक वेळी त्याला घाम फोडलाय.

त्यानं दोन लॅपटॉप मांडले. एक करडा, पातळ, ऑफिसवाल्यांचा. दुसरा काळा, जाडजूड, गेम खेळणाऱ्या पोरांचा. कीबोर्डच्या कळा लाल, निळ्या, जांभळ्या चमकत होत्या, गणपतीच्या मखरासारख्या!

मृण्मयी म्हणाली, "आजी, हा पातळ घे. हलका आहे, आवाज करत नाही, बॅटरी दिवसभर चालते. तुला हॉलवर न्यायचाय ना?"

मी दोन्ही हातात घेऊन बघितले. आता तुम्हीच सांगा, तांब्या-पितळेचं भांडं घेताना आपण काय करतो? हातात तोलतो! हाताला जड लागलं तर माल चोख, हलकं लागलं तर पत्रा. माझ्या सासूनं हे मला शिकवलं. बघा, एक गोष्ट कोणीतरी शिकवली होती आणि तिनंच घात केला!

"साईं, ये तो पापड है," मी पातळ लॅपटॉप खाली ठेवला.

"अम्मा, हलका है, इसीलिये तो महंगा है!"

"माल कम, पैसा जादा? किसको सिखाता है?"

"आजी, प्लीज!" मृण्मयी कपाळ धरून.

तरी मी वजनावरच गेले असं समजू नका. मला कुतूहल वाटलं. मी विचारलं, "साईं, पोरांच्या खेळाला एवढी ताकद कशाला लागते? दाखव तरी." त्यानं एक खेळ लावला. एक शिपाई माळरानातून धावत होता. शिपायाकडे कोण बघतंय? मी गवत बघत होते! पातं न् पातं वेगवेगळं हलत होतं, वारा एका अंगानं येत होता आणि पात्यांच्या सावल्यासुद्धा डुलत होत्या. म्हटलं, जे यंत्र खोट्या गवताची एवढी काळजी घेतं, ते माझ्या खऱ्या कुंभारणीचा एकेक पाय दाखवील!

"पण आजी, व्हिडिओ तुझ्या मोबाइलवर काढलाय. तो कशावरही लावलास तरी तेवढाच दिसणार!"

"तू गप्प बस."

काळा लॅपटॉप घेऊन निघताना साईंनं त्याच्या कडेची जाळी दाखवली. "अम्मा, इधर से गरम हवा निकलती है, ध्यान रखना."

मी ध्यान ठेवलं ना! फार ध्यान ठेवलं. एवढी मोठी भोकं पाहून माझ्या मनात एकच विचार आला, झुरळ शिरलं म्हणजे?

घरी आले आणि सराव केला. घरी यंत्र अगदी शहाण्यासारखं वागलं, मांजरासारखं नुसतं घुर्र करायचं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी शिलाई मशीन काढलं आणि त्याच्यासाठी कव्हर शिवलं. आपल्या घरात टीव्हीला झालर असते, मिक्सरला टोपडं असतं, मग एवढ्या महागाच्या वस्तूला उघडं न्यायचं? माझ्या जुन्या इरकलीचं कापड वर, आत मऊ कापूस, कडेनं दुहेरी शिवण. पडद्याला खिडकी, कळांना खिडकी, बाकी चारी बाजूंनी बंद. अशी मापात शिवलेली वस्तू, की धूळ सोडाच, हवासुद्धा आत शिरायची नाही!

कळतंय ना, कुठे चाललेय गोष्ट? मला नव्हतं कळलं.

आमच्या कट्ट्याचा हॉल पहिल्या मजल्यावर, खाली दत्तूची पिठाची गिरणी. लॅपटॉप पिशवीत, त्याचा चार्जर दुसऱ्या पिशवीत, कारण तो चार्जर नव्हे, वीट होती वीट! जिना चढताना मृण्मयी म्हणाली, "पातळवाला घेतला असता तर…" मी म्हटलं, "जड वस्तू उचलायची सवय ठेवावी."

टेबलावर इरकलीतला लॅपटॉप ठेवला. बायका उठून कव्हराला हात लावून गेल्या. मी अशी फुलले! हॉलच्या मोठ्या टीव्हीला वायर मीच जोडली. सबनीस पहिल्या रांगेत, मांडीवर स्वतःचा पातळ लॅपटॉप घेऊन. गरज पडली तर म्हणून आणला होता म्हणे. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

फोटो झाले, चिखल झाला, कोळी झाले. लोक रंगले. मग मी म्हटलं, "आता कान देऊन ऐका. ती गाणार आहे." आणि व्हिडिओ लावला.

घर्ऽऽऽऽ!

सबनीस म्हणाले, "वा आक्का! काय खणखणीत आवाज आहे माशीचा!"

"हा तिचा नव्हे! हा पंख्यांचा आहे. पंखे बंद करा!"

पंखे बंद झाले. मंडळी घामानं निथळायला लागली. घर्र चालूच, उलट वाढलेली!

"पाण्याचा पंप चालू असणार. कोणीतरी जा रे खाली!" सेक्रेटरी गेले, पंप बंद करून आले. घर्र तशीच!

मग माझा पारा चढला. मी तडक खिडकीत गेले.

"दत्तू! ए दत्तू! बंद कर ती गिरणी!"

खालून दत्तूचा आवाज, "आक्का, मधीच कशी बंद करू? बाजरी चढवलीय! गिऱ्हाईक हुबं हाय!"

"इथे एक बाई गातेय आणि तुला बाजरीची पडलीय? बंद कर म्हणते ना!"

मला नाही म्हणायची दत्तूची छाती नाही. गिरणी थांबली. मी विजयी वीरासारखी टेबलाकडे वळले. आणि त्या शांत झालेल्या हॉलमध्ये आवाज जो काय घुमला! विमान उडायच्या आधी करतं ना, तसा!

तेवढ्यात दारात दत्तू येऊन उभा, भुवयांपर्यंत पीठ. हॉलभर नजर फिरवून म्हणतो, "आक्का, माझी तर बंद केली. मंग ही कुणाची चालू हाय?"

सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्या टेबलाकडे वळल्या. मृण्मयीनं इरकलीवर हात ठेवला आणि किंचाळली, "आजी! भाजलं!"

तिनं ओढून कव्हर काढलं. आतून भट्टीचं दार उघडावं तशी गरम वाफ माझ्या तोंडावर आली, कळांच्या लाल-निळ्या ज्योती भगभगल्या आणि पडदा काळा! गेला! यंत्रानं आपलं आपण डोळे मिटले.

मी त्या बंद पडद्याला पदरानं वारा घालायला लागले. मृण्मयीला विचारा.

सबनीस उठले. आता हा माणूस काय बोलेल, म्हणून मी पदर खोचला. पण ते हळूच एवढंच म्हणाले, "आक्का, पेन ड्राइव्ह आहे? माझ्यावर लावू का?"

या वाक्यापासून पळण्यासाठी मी उल्हासनगर पालथं घातलं होतं! पण माणसं घामेजून बसली होती, माझी कुंभारीण आत अडकली होती. तिच्यापुढे माझा तोरा काय मोठा? मी कमरेची पिशवी उघडली आणि मृण्मयीनं सगळं उतरवून दिलेला पेन ड्राइव्ह त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांचा पापड उघडला. ना दिवे, ना घर्र. पंखे बंद, पंप बंद, गिरणी बंद. त्या हॉलमध्ये एवढी शांतता कधी झाली नसेल. आणि त्या शांततेत ती गायला लागली. गूंऽऽ… गप्प. गूंऽऽ… गप्प. दत्तूसुद्धा दाराला टेकून ऐकत राहिला, बाजरी विसरून. टाळ्या पडल्या. सबनिसांनी सगळ्यांत मोठ्यानं वाजवल्या. तेवढं टेक्निकल त्यांना जमलं!

लॅपटॉप थंड झाल्यावर चालू झाला हो, बिघडला नाही. परत करू म्हणून मृण्मयी मागे लागली होती. मी म्हटलं, ठेवणार! हाताला जड आहे. घरी उघडाच असतो, आणि अधूनमधून मी त्याच्यावर गवत बघते.

पण एक शंका मला स्वस्थ बसू देईना. दुसऱ्या दिवशी गव्हाचा डबा घेऊन गिरणीत गेले. दत्तूनं मला पाहिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं, हसू लपवायला. मी सरळ विचारलं, मला कसली आलीय लाज!

"काय रे दत्तू, तुझी गिरणी सकाळपासून रात्रीपर्यंत चालते. तापत असेल, नाही? तू असं काय करतोस, की ती बंद पडत नाही?"

दत्तूनं डबा तराजूवर ठेवला, हात झटकले आणि म्हणाला,

"काय बी नाय, आक्का. फकस्त तिला स्वेटर घालत नाय."