रंगूनची काकी

दगूबाई रंगूनला गेली ते साल बावन्न. वय एकोणीस. सारंगखेड्याहून दोंडाईचा, तिथून रेल्वेने कलकत्ता आणि पुढे बोट. सोबत नवरा गिरधर. त्याचे काका चुनीलाल लढाई संपल्यावर एका सुरती कापडवाल्याबरोबर तिकडे गेले होते आणि आता त्यांनी पुतण्यालाही त्याच दुकानात लावून घेतलं होतं.

काकांची बायको शांतीबाई मात्र गावीच राहिली. तिला मूल नव्हतं. गिरधरची आई त्याच्या लहानपणी गेली, तेव्हापासून तिनेच त्याला वाढवलं. निघताना तिने दगूबाईच्या हाती बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा डबा दिला.

"तुन्हा काकाले दे. त्यासले आवडतस."

रंगूनला काका राहत ती वस्ती पोटासाठी आलेल्या हिंदी लोकांची. भाडं कमी, घरं लाकडी, तीन मजली. एकेका बिऱ्हाडाला पुढच्या रस्त्यापासून मागच्या गल्लीपर्यंत एकच लांबोडकी खोली. शेजारी मद्रासी, बिहारी, ओरिया. दार उघडलं ते लुंगी नेसलेल्या, गालांना चंदनासारखा लेप लावलेल्या एका ब्रह्मी बाईने. डबा तिनेच दगूबाईच्या हातातून घेतला. तिच्या मागे दोन वर्षांची मुलगी उभी होती. कपाळ थेट काकांचं.

गिरधर खाली बघत म्हणाला, "काकी म्हण."

त्याला ठाऊक होतं. दगूबाईला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिने पाय धुतले आणि दाखवलेल्या जागी वळकटी ठेवली.

त्या बाईचं नाव मा खिन, मुलीचं न्वे. खोलीच्या मधोमध चादर बांधून दोन संसार झाले. दगूबाई मासळी खात नाही हे कळल्यावर मा खिनने आपली चूल मागच्या गॅलरीत नेली आणि वासाची मासळी तिथे शिजवू लागली. दोघी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत. "काकी" हा शब्द मात्र दगूबाईच्या तोंडून निघत नव्हता. पंचावन्न साली ती बाळंत झाली. दाई वेळेवर आली नाही आणि मूल मा खिनच्याच हातांवर आलं. त्या दिवशी शब्द आपोआप निघाला. मुलीचं नाव बेबी ठेवलं.

दगूबाई चार इयत्ता शिकलेली होती. दर महिन्याला ती गावी पत्र लिही. काका खुशाल आहेत, बेबी चालू लागली, इकडे पाऊस फार. मा खिनचं नाव एकाही पत्रात आलं नाही. पहिल्या पत्रात लिहिताना हात अडखळला. पुढे तेही बंद झालं.

चौसष्ट साली तिथल्या सरकारने दुकानं ताब्यात घेतली. मालक परत गेला, मग नोकरही निघाले. मा खिन म्हणाली, "मैं इधर की." एवढंच. तिने वाटेसाठी भाताच्या पुड्या बांधून दिल्या, पण धक्क्यावर आली नाही. काका निघताना न्वेशी बोलले नाहीत. बोटीवर कुणी जेवा म्हटलं की ते जेवत, नाहीतर तसेच बसून राहत.

गावी शांतीबाईने काकांच्या पायांवर पाणी घातलं. ओट्यावर खाट टाकून दिली. काका त्या खाटेवर बसले आणि पुढची तीन वर्षं बहुतेक तिथेच बसून राहिले. गिरधर शहाद्याला कापडाच्या दुकानात लागला.

आठेक दिवसांनी दोघी बायका डाळ निवडत होत्या. शांतीबाईने मान वर न करता विचारलं, "तठे घरमा कोण रांधे?"

दगूबाई म्हणाली, "एक बाई व्हती."

"तिन्हं नाव?"

"मा खिन."

शांतीबाईने नाव पुटपुटून पाहिलं. तिला ते जमलं नाही. "माले ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "तुन्हा काका दोनदा गावले उनात. दोन्ही येळा पावनासारखा ऱ्हायनात. पोरं शेतस?"

"एक पोर शे."

"कोणावर गयी?"

"काकासवर."

शांतीबाईने सूप हलवलं. मग म्हणाली, "तुन्हासंगे कशी व्हती?"

"मन्ही बेबी तिन्हाच हातवर उनी."

"बरं व्हयनं," शांतीबाई म्हणाली. "नीट देख, खडे शेतस."

आता ती रडेल, नाहीतर आपल्याला रडू येईल, असं दगूबाईला वाटलं. दोघींनी डाळ निवडून संपवली. रडू कुणालाच आलं नाही.

काका कधीतरी बेबीशी ब्रह्मी भाषेत बोलत. सुरुवातीला ती उत्तर देई. शाळेतल्या मुली हसू लागल्यावर तिने ते सोडलं, आणि मग काकांनीही.

सदुसष्टच्या थंडीत तापाचं निमित्त होऊन काका गेले. दहाव्या दिवशी नदीवरून आल्यावर शांतीबाईने दगूबाईला जवळ बोलावलं. तिचे हात मोकळे होते, बांगड्यांचे वळ अजून दिसत होते.

"तिले कागद लिख."

"कोले?"

"तिले. तिले बी सुतक शे."

दगूबाईला ब्रह्मी लिहिता येत नव्हतं. बेबी तिकडच्या शाळेत तीन वर्षं गेली होती, म्हणून तिला बसवलं. ती अर्धी अक्षरं विसरली होती. बऱ्याच वेळाने एक ओळ झाली: न्वेचे बाबा वारले. खाली दगूबाईने हिंदीत तारीख घातली आणि आठवत होता तो घराचा नंबर पाकिटावर लिहिला. शांतीबाईने कागद उलटा धरून पाहिला आणि परत दिला.

"मन्हं नाव टाकं?"

"नही."

"टाक."

दगूबाईने नाव लिहिलं.

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही. शांतीबाईने त्याबद्दल पुन्हा विचारलं नाही. दगूबाई मात्र होळीपर्यंत रोज पोस्टमनला विचारत होती, आणि नाही म्हटल्यावर आपल्याला काहीच वाटत नाही, हे दर वेळी तिच्या ध्यानात येत होतं. पुढे तिने विचारणं सोडलं. ओट्यावरची खाट आत घेतली आणि त्या जागी दोघी शेंगा फोडायला बसू लागल्या.