नीलम्माची भिंत

लातुरात क्लासच्या गल्लीत नवं होस्टेल उभं राहिलं की मालक हल्ली नीलम्माच्या दारात येतो. "काकू, जिन्यावर काय काढता?" काकू म्हणजे मेस चालवणारी बाई बरं का, चित्रकार वगैरे कुणी नाही. एका हाताला पीठ आणि दुसऱ्या हाताला तांबडी काव, अशीच ती दार उघडते. मग त्या जिन्यावर मोर चढतात, बैल चढतात, ज्वारीची कणसं डोलतात, आणि परीक्षेच्या धास्तीनं सुकलेल्या पोरी घडीभर तिथं थबकतात.

पण ही आत्ताची गोष्ट झाली. त्याआधी वीसेक वर्षं या बाईनं एक रेघ ओढली नव्हती, आणि भिंतीशी तर उभा दावा होता. बाज खोलीच्या मधोमध, जेवणाऱ्या पोरींच्या सतरंज्याही मधोमध. कुणी भिंतीला पाठ टेकवली की हिचं सुरू व्हायचं, "सरक गं पुढं!" शेजाऱ्यांनी होस्टेलांचे मजल्यावर मजले चढवले, हिच्या डोक्यावर आपला पत्राच. नवऱ्यानं, व्यंकटीनं, एकदा स्लॅबचं नाव काढलं तर बाईनं असा अबोला धरला की बिचारा दालमिलवरच डबा मागवून जेवायला लागला.

आता भूकंपातून वाचलेलं माणूस भिंतीला भिणारच, त्यात नवल ते काय? पण नीलम्माची भीती नुसती दगडमातीची नव्हती. तिला आपल्या हाताचंच भ्या वाटायचं.

सासर किल्लारीच्या अंगाला. नवी नवरी होती तेव्हा भिंतीला पोतारा द्यायची तोही फडक्यानं वेलबुट्टी उठवत. पंचमीला त्या घरात भिंतीवर कावेनं नाग काढायचे, पण वेटोळं घातलेला, मान खाली टाकून निजलेला. कारण सरळ होतं. ज्याच्या माथ्यावर धरणी आहे तो शेष निजलेलाच बरा. तो जागा झाला, हलला, तर आपलं काय? त्या वर्षी मात्र धाकटी नणंद सिंधु काव कालवता कालवता हटूनच बसली. "वैनी, निजलेला नाग काय कामाचा? फणा काढ की!" खरं सांगायचं तर नीलम्माच्या बोटांनाही तेच हवं होतं. तिनं असा काही फणा काढला की शेजारणी पूजेला आल्या आणि भिंतीपासून हातभर लांबच थांबल्या. सिंधु आनंदानं नुसती नाचत होती.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी गणपती बुडवून गाव आडवं झालं आणि पहाटे धरणी हलली. सिंधु त्याच भिंतीखाली गेली.

सासू, दानम्मा, त्या ढिगाऱ्याशी बसून होती. नीलम्मा जवळ गेली तशी तिच्याकडं बघून म्हणाली, "तू जागं केलंस त्याला. तुझ्या ह्या हातानं."

नीलम्माला सांगता आलं असतं की हट्ट सिंधूचा होता. पण गेलेल्या पोरीवर ढकलायचं? तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. पुढं सगळे लातूरला आले, मेस सुरू झाली, दानम्मा सुनेच्या हातचं खाऊन तिला आशीर्वाद देऊ लागली. ते बोलणं तिनं पुन्हा कधी काढलं नाही, आणि मागेही कधी घेतलं नाही. इकडं नीलम्माचं हे असं, की भाकरीवर बोटांची नक्षी उमटली तरी चापट मारून सपाट करायची. वेडी गं वेडी!

एका पंचमीला क्लासवाल्यांनी सुट्टी दिली नाही. दुसऱ्या दिवशी टेस्ट. पंचमीला तवा चढवायचा नाही, विळीवर काही चिरायचं नाही, म्हणून नीलम्मानं पुरणाचे दिंड उकडून ठेवले होते. एरवी भाकऱ्या थापणारे हात रिकामे होते. सतरंजीवर देवणीची पुनम एकटीच रडत बसली होती.

"काकू, माझ्यानं न्हाई होणार. मी उद्या जातच न्हाई."

"अगं, त्याला काय भ्यायचं? पेपर काय खातंय तुला?"

पोरगी होती तिखट. डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही तर भिंतीला भिता. आमची आई आज भिंतीवर नाग काढती. तुमच्या भिंतीवर कुठं हाय?"

झालं! बाईनं आपल्या रिकाम्या हातांकडं बघितलं. मग म्हणाली, "मी काढते. मंग तू टेस्टला जायचं. हाय कबूल?"

"हाव."

कुंड्यांसाठी आणलेली काव तिनं वाटीत कालवली. भिंतीपाशी गेली, एकदा वर पत्र्याकडं बघून घेतलं. एक वेटोळं झालं, दुसरं झालं. हात काहीच विसरला नव्हता, याचंच तिला रडू आलं. मानेपाशी आली आणि तिनं मान खाली टाकली, निजवला नाग.

तेवढ्यात काठी टेकत दानम्मा आली. डोळ्यांत मोतीबिंदू. "भिंतीपाशी कोण हाय? काय चाललंय?"

नीलम्मानं वाटी पाठीमागं लपवली. पुनमच बोलली, "आजी, काकू नाग काढायल्यात."

दानम्मा पुढं आली. भिंतीवर तळवा ठेवला, पार नाक लागेल इतकी जवळ गेली.

"निजलाय व्हय?"

"हाव, आत्याबाई."

"कशाला निजवलास? फणा काढ. माझी सिंधी गावभर सांगत हिंडली हुती, वैनीनं माझ्यासाठी फणा काढला म्हणून. मला काय ठावं न्हाई?"

नीलम्मा भिंतीकडून वळली. "ठावं हुतं... मंग तवा मला तसं का बोललात?"

"देवाला बोलून बोलून थकले हुते गं. समोर तू आलीस." म्हातारीचा हात भिंतीवरच होता. "मागं घ्यायला तोंड झालं न्हाई. तू चित्र सोडलंस ते मला दिसत हुतं. तरी झालं न्हाई."

नीलम्मानं डोळे पुसले तर काव गालाला लागली. तिनं ती खाली टाकलेली मान पुसली आणि वर घेतली, रुंद केली, दोन डोळे दिले. नाग जागा झाला. पत्रा हलला नाही, भिंत जागची ढळली नाही.

मग ती तिथंच खाली बसली आणि पाठ टेकवली, थेट भिंतीला. दानम्माही काठी ठेवून तिच्या शेजारी टेकली.

"अवो काकू, ओली हाय!" पुनम ओरडली. "दोघींच्या पाठीला काव लागली!"

"लागू दे," दानम्मा म्हणाली.