पाय कायले पाहिजे?

पंधरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं, पण मिस्त्री डॉक्टरांना माझं आडनाव कधी धड आठवलं नाही. माझ्या उजव्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूने झिजते, हे मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माणसाच्या तोंडाकडे ते बघतच नसत. माझ्या लग्नात स्टेजवर आले, अक्षता टाकायच्या सोडून नवऱ्याच्या मामांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "कंबर दुखत असन तुमची. डावा पाय आखूड आहे." मामा अजून विचारतात, तो माणूस कोण होता म्हणून.

अकोल्यातल्या कृत्रिम हातपायांच्या केंद्राचे ते प्रमुख, आणि मी तिथली फिजिओथेरपिस्ट. डॉक्टर मूळचे अमरावतीचे. आधी इंजिनिअर झाले, मग नोकरी सोडून, दहा वर्षांनी लहान पोरांच्या रांगेत बसून प्रवेश परीक्षा दिली आणि डॉक्टर झाले. असं का केलं, याला त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "कारखान्यात मी पाय बनवत होतो. पेशंटले टोचला, की डॉक्टर म्हणे पाय वाईट, आमी म्हणो ऑपरेशन वाईट. म्हटलं, शिव्या एकाच माणसाले बसू द्या." एप्रनच्या एका खिशात स्टेथोस्कोप, दुसऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर. 'मिस्त्री डॉक्टर' हे नाव पेशंटांनीच ठेवलं होतं, आणि त्यांना ते आवडायचं.

शिव्या मात्र मला बसायच्या. कारण हा माणूस तयार झालेला पाय तीन-तीनदा खोलायचा. पेशंट नवा पाय लावून, हसत, घरच्यांना फोन करत दारापर्यंत जायचा, आणि मागून आवाज यायचा, "थांबा. काढा." लोक पंचवीस कोसांवरून आलेले, शेवटची एसटी गाठायची असलेली. ते माझ्या अंगावर ओरडायचे, मी डॉक्टरांवर, आणि डॉक्टर तोंडात स्क्रू धरून बसलेले असल्यामुळे कोणावरच नाही.

त्यात त्यांचा तो प्रश्न. फाईलच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली होती. पाय कशासाठी पाहिजे? 'चालायला' हे उत्तर चालायचं नाही. "चालून कुठी जाता? काय करता तिथं?" बाहेर चाळीस माणसं ताटकळलेली, आणि आत ही उलटतपासणी. एकदा एक मोटर मेकॅनिक भडकला. "सायेब, माह्या पायाची काय वकिली करून राहिले तुमी?" एका बाईने मात्र शांतपणे सांगितलं, "ज्या जावेनं मले लंगडी म्हटलं, तिच्या दारावरून जाचं हाये. एक डाव." डॉक्टरांनी ते शब्द तसेच्या तसे लिहिले आणि विचारलं, "रस्ता कच्चा आहे का पक्का?"

भातकुलीकडच्या एका शेतकऱ्याने पाय नेला तो खुंटीला टांगून ठेवला, असं कळल्यावर डॉक्टरांनी मला गाडीत बसवलं. ऐन पावसाळा, बाहेर पेशंट खोळंबलेले. त्या दादाने सरळ सांगितलं, "डॉक्टर, तुमचा पाय सडकेचा हाये. माह्यं वावर काळं हाये." हे ऐकून डॉक्टर केंद्रातलं एक रबरी पाऊल काठीला बांधून अर्धा दिवस त्या चिखलात ते रोवत आणि उपसत फिरले. काळी माती गोळ्यागोळ्याने चिकटायची. मी बांधावर छत्री धरून उभी. "मॅडम, वजन करा," म्हणून माझ्या हातात ते चिखलाचं पाऊल दिलं, तेही नव्या पंजाबी ड्रेसवर. पुढे दोन महिने ते पावलाचा तळ घासत बसले. माती कमी चिकटायला लागली. पूर्ण सुटली कधीच नाही. पण तो दादा पाय घालून निंदणाला जायला लागला. माझ्या ड्रेसचे डाग निघाले नाहीत.

मग माझ्या बाबांचा पाय गेला. शुगर होती, जखम चिघळली, गुडघ्याखालून कापावा लागला. वलगावचं वावर भावाच्या हवाली करून बाबा माझ्याकडे अकोल्याला राहायला आले. जखम भरल्यावर मी त्यांना केंद्रात नेलं. वाटलं, बारा वर्षांची चाकरी आहे, आपला नंबर आधी लागेल. डॉक्टर म्हणाले, "लाईनीत बसवा." मी गिळलं. वेळ वाचावा म्हणून फाईल मीच भरली. पाय कशासाठी पाहिजे? 'देवळात जाण्यासाठी.'

डॉक्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे अक्षर तुमचं आहे. मॅडम, बाहेर बसा."

मी चरफडत बाहेर बाकावर बसले. वीज गेलेली, पंखे बंद, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं.

"काकाजी, पाय कायले पाहिजे?"

बाबा म्हणाले, "लेक मले धरून संडासात नेते. तिनं नेऊ नये."

"अन् देऊळ?"

"देवळात माह्यं काय काम?"

डॉक्टर बाहेर आले. "घरी जा, संडासाच्या दाराची रुंदी अन् उंबऱ्याची उंची मोजून आणा." भर दुपारी मी घरी जाऊन टेप घेऊन उंबऱ्यापाशी बसले. बराच वेळ मला आकडा वाचता आला नाही.

तीन वेळा खोलून पाय तयार झाला. पहिल्या दिवशी बाबा भिंतीला हात लावत गेले, उंबरा ओलांडला आणि आतून कडी लावली. मी बाहेर उभी. आतून आवाज आला, "तिथं उभी नको राहू." पुढची दोन वर्षं बाबा त्या पायाने खाटेपासून तिथपर्यंत आणि परत, एवढंच चालले.

बाबा गेले. तेरवी झाल्यावर तो पाय कापडात गुंडाळून मी डॉक्टरांकडे नेला. केंद्रात कुठेतरी आठवण म्हणून राहील, असं मनात होतं. त्यांनी कापड सोडलं, स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि माझ्यासमोरच तो खोलायला घेतला. "उरलेला पाय बसतो ती खोबण कामाची नाही, ती काकाजीच्या मापाची. पाईप चांगला आहे." मी तिथून उठून गेले. आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतंही बोलले नाही.

नवव्या दिवशी एका बाईंना पहिल्यांदा चालवायचं होतं. कौंडण्यपूरच्या, बसच्या अपघातात पाय गेलेला. मी त्यांच्या कंबरेला पट्टा बांधला आणि खाली पाहिलं. पाईपवर नडगीच्या जागी आमच्या उंबऱ्याला घासून पडलेला ओरखडा होता. डॉक्टर कोपऱ्यात खाली बसून पाऊल कसं पडतं ते बघत होते. मला त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

बाई दोन्ही बाजूंच्या दांड्यांना धरून एक पाऊल पुढे आल्या. दुसरं टाकलं. मग थांबून माझ्याकडे बघायला लागल्या.

"मॅडम, कायले रडता? मी नाई पडत."

"बोलू नका," डॉक्टर खेकसले, "पाय उचला."

बाईंनी उचलला.