झापडीचं गाणं

घरात आणि स्टेजवर मी नवऱ्याला 'अहो' म्हणायची. इथे लिहिताना म्हणणार नाही.

माझं माहेर यावलकडचं, केळीच्या बागांतलं. तो धुळ्याचा, बेंजो वाजवणारा. अहिराणी मला त्यानेच शिकवली, गाणी त्यानेच बसवली आणि मारलंही त्यानेच. सूर चुकला की मार. सूर छान लागून टाळ्या मला पडल्या, तर जास्त मार. लोक म्हणतात, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. माझं तोंड कुणी दाबलं नव्हतं. मीही शिव्या घालायची, हाताला लागेल ते फेकायची. एकदा उलथनं त्याच्या कपाळावर बसलं, तर बुवा टोपी घालून कार्यक्रमाला आले! मी काही गरीब गाय नव्हते. पण अंगात ताकद त्याच्या जास्त, तिथे माझा इलाज नव्हता.

तरी आमची जोडी चालली. एक बेंजो, दोन माइक आणि ढोलकीवर त्याचा मावसभाऊ. लग्नसराईत हळदीच्या कार्यक्रमांना आम्ही आख्खा खानदेश फिरायचो. सगळ्यात जास्त मागणी नवरा-बायकोच्या भांडणाच्या गाण्याला. बायको माहेरी जाते म्हणते, नवरा नाही म्हणतो, मग ती सासूचा उद्धार करते आणि तो हात उचलतो. त्या जागी ढोलकीवर जोरात थाप पडायची, मी गालावर हात ठेवून गिरकी घ्यायची आणि मंडप हसून हसून लोळायचा.

मग जळगावला कॅसेट करायचं ठरलं. एका घराची मागची खोली, भिंतींना गाद्या लावलेल्या. रेकॉर्डिंगवाले नाना म्हातारे, पण कानाने तिखट. ढोलकी ऐकून म्हणाले, "ही थाप झाली, झापड कुठंय?" टाळी वाजवून पाहिली, मांडीवर मारून पाहिलं, ओल्या टॉवेलवर चप्पल आपटून पाहिली. टेपवर सगळं खोटंच वाजे. माझा घसा बसत आला होता. वैतागून मीच म्हटलं, "अहो, एक खरीच मारा. रोज मारताच, आज कामाला तरी येईल."

नाना हसले. तो हसला नाही. त्याने मारली.

डाव्या कानावर बसली. कानात शिट्टी वाजायला लागली आणि मी भिंतीच्या गादीवर आदळले. नानांनी टेप मागे घेऊन ऐकली आणि म्हणाले, "वा! असा आवाज पुन्हा मिळायचा नाही."

कॅसेट तुफान चालली. सावद्याहून केळी भरून निघणाऱ्या ट्रकांत ती, धुळ्याच्या रिक्षांत ती. एकदा बाजारात मेथी घेत होते, शेजारच्या टपरीवर गाणं लागलं. झापड वाजली आणि माझ्या बाजूच्या बायका खुदकन हसल्या. माय व माय, असा संताप आला मला! पण कुणाला काय सांगणार? मेथी घेतली आणि घरी आले.

घोळ पुढेच झाला. कॅसेट ऐकलेल्या लोकांना आता ढोलकीची थाप चालेना. त्या जागेवर आलो की पुढच्या पोरांचा गिल्ला सुरू, "जोरबन मार भो! कॅसेटसारखी!" आणि तो मारायचा. घरी रागाने मारायचा, स्टेजवर हसत हसत. म्हणायचा, आपल्या धंद्याचा भाग आहे. तो माझ्या डाव्या हाताला उभा राहायचा, म्हणून प्रत्येक झापड डाव्या कानावर. शेवटी त्या कानाने ऐकू येईना. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, उजवा जपा.

उजवा गेला तर गाणं गेलं. मला तेवढीच एक भीती होती. संसार मोडो, नवरा जावो, पण सूर ऐकू आला पाहिजे. आणि पेच असा, की डाव्या बाजूचा बेंजो आता मला ऐकूच येत नव्हता. त्याला उजवीकडे घ्यावं, तर झापड उजव्या कानावर बसणार. मी त्याला म्हटलं, "उजवीकडे उभे राहा, पण खोटी मारा. हा कान गेला तर मी मेले असं समजा." त्याने आईची शपथ घेतली.

शिरपूरजवळच्या एका गावात हळद होती. भर दुपार, मंडप खचाखच. गाणं त्या जागेवर आलं. पोरं ओरडली, "जोरबन मार भो!" त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही, पोरांकडे पाहिलं आणि हात उचलला.

मी माइकचा लोखंडी स्टँड उचलून घातला त्याच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज आला. तो बेंजोवर कोसळला, तारा किंचाळल्या. मी दुसरा घाव घातला. खोटं कशाला बोलू, दुसरा पहिल्यापेक्षा मन लावून घातला.

मंडप हसून फुटला. शिट्ट्या, "वन्स मोअर!" हळदीने माखलेला नवरदेव पोट धरून हसत होता. मी माइकमध्ये ओरडले, "हाई नाटक नही शे! खरंच मोडना त्याना हात!" तर आणखी हसले मेले.

त्याच्या बाहीतून रक्त गळायला लागलं, तेव्हा कुठे कळलं लोकांना. मावसभावाने त्याला जीपमध्ये घातलं आणि दोघं दवाखान्यात गेले. मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही.

स्टेजवर मी एकटीच उरले. नवरदेवाची आजी, त्या घरची अक्का, वर चढली. तिने माझ्या हातात माइक दिला आणि म्हणाली, "आते एकलीच म्हण वं माय."

बेंजो नाही, ढोलकी नाही. मी तेच गाणं म्हटलं, फक्त बायकोच्या ओळी. उजवा कान शाबूत होता, माझा सूर मला स्वच्छ ऐकू येत होता. नवऱ्याच्या ओळी आल्या की मी गप्प राहायची. पहिल्यांदा गप्प राहिले तेव्हा लोक हसले. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. मग झापडीची जागा आली आणि मी तशीच उभी राहिले. एकही पोरगं ओरडलं नाही. पुढे बसलेल्या बायकांकडे माझं लक्ष गेलं. कितीतरी जणींचे हात आपापल्या गालावर गेले होते, आणि त्यांचं त्यांनाही ते कळलं नव्हतं.