आमची कमलमावशी

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी मुरुडला गेलो होतो. नलूला समुद्र बघायचा होता... आणि डॉक्टर म्हणाले होते, फिरायचं असेल तर याच वर्षी फिरा.

नलू चौसष्टची, मी एकसष्टची. एकतीस वर्षं एका घरात राहतो. वर्षभरापासून ती विसरते आहे. आधी चष्मा, मग गॅस, आता कधी कधी आमचा मजला.

बाहेरगावी आम्ही कायम मावसबहिणी असतो. तरुणपणी एकदा खरं काय ते ओळखून एका लॉजवाल्याने भर दुपारी खोली रिकामी करायला लावली होती. तेव्हापासून ही नागपूरची कमलमावशी... म्हणजे नलूची आई, माझी मावशी. साफ खोटी. तिला गुडघेदुखी दिली, तापट स्वभाव दिला.

नऊ वर्षांपूर्वी तिला मारावंही लागलं. नलूचं ऑपरेशन होतं आणि मावसबहिणीसाठी आठ दिवस रजा कोण देणार? मावशी गेली म्हटल्यावर मिळाली. ऑफिसातले घरी भेटायला येतो म्हणत होते, त्यांना कसंबसं थोपवलं.

तर मुरुडला आम्ही रझियाआपांकडे उतरलो होतो. सुपारीच्या वाडीत दोन खोल्या, जेवण त्यांच्याच हातचं. दुसऱ्या दिवशी दुपारी वाढताना त्यांनी विचारलं, "तुमी बहिणी काय?"

मी सवयीने सांगितलं, "ही माझ्या कमलमावशीची मुलगी."

नलूने माशाचा काटा बाजूला काढून ठेवला. "माझ्या आईचं नाव शांता. कमल कोण?"

मी टेबलाखालून तिचा हात दाबला. तिला वाटलं, मी विसरले. मला समजावल्यासारखं ती शांतपणे म्हणाली, "अगं, आपण बहिणी कुठे आहोत? आपला संसार आहे."

मला तो लॉजवाला आठवला. बॅगा, गोळ्यांचा डबा, नलूची औषधाची वेळ... एवढ्या उन्हात हिला घेऊन मी कुठे जाणार?

आपा आत गेल्या, गरम भाकरी घेऊन आल्या आणि नलूच्या ताटात वाढली. मग समोरच बसल्या.

"किती वर्सं झाली?"

"एकतीस," नलू म्हणाली. एकतीसचा आकडा तिला आठवत होता.

"माजा नवरा बावीस वर्सं कुवेतला व्हता. दोन वर्सांनी म्हैनाभर यायचा. सगलं मिलून वर्सभर पन आमी एका घरात न्हाय ऱ्हायलो... मंग तो गेलाच." ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "जेवा. भाकरी निवते."

मी भाकरी नुसती मोडत राहिले. नलू मात्र पोटभर जेवली.

सगळे म्हणतात, या आजारात जवळच्या माणसांचाही विसर पडतो. मी रोज रात्री त्याच भीतीने जागी असते. पण नलूच्या डोक्यातून आधी गेलं ते आमचं खोटं... इतकी वर्षं घोटून पाठ केलेलं. खरं अजून आहे.

किती दिवस राहील, माहीत नाही. आमचं खरं आजवर आम्ही दोघींनीच जपलं होतं आणि दोघींतली एक आता विसरत चालली आहे. आणखी काही जणांना ठाऊक असलेलं बरं. म्हणून तुम्हाला सांगितलं.